गजराचा चार्ट

सरळ गाणी मला कोणी देत नाही आणि दिली तरी मी घेत नाही.

माझा धंदा काय हे सांगितलं की लोक आधी हसतात. मोबाईलवर गाणं लागतं, वरून ठिपके पडत येतात, ठिपका खालच्या रेघेला टेकला की बोट मारायचं. ठोक्यावर बसलं तर गुण, नाही तर पडद्यावर लाल अक्षरांत 'चुकला'. हा खेळ पोरं खेळतात आणि हल्ली पोरांचे आजोबाही खेळतात. तो ठिपका नेमका कधी टेकायचा हे कोणीतरी बसून ठरवतं. ते मी ठरवते. त्या आखणीला चार्ट म्हणतात. कुडाळात कोणाच्या लग्नाला गेलं आणि कोणी विचारलं, तर सासूबाई "ती कॉम्प्युटरात असा" एवढंच सांगून मोकळ्या होतात.

यंत्रावर बनलेल्या गाण्याचा चार्ट करायला अक्कल लागत नाही. पहिला ठोका कुठे आणि मिनिटाला ठोके किती, एवढं सांगितलं की पुढचं सगळं आपोआप मोजलं जातं. खरी भानगड माणसांनी बसून वाजवलेल्या गाण्यांत असते. माणूस एका लयीत कधीच राहत नाही. कडव्यात रेंगाळतो, ध्रुवपद आलं की जरा पुढे सरतो, शेवट दिसू लागला की पळतो. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, पण ठिपक्यांचे हाल होतात. एकाच आकड्याने मोजत गेलात तर केसाएवढा फरक साठत साठत शेवटी गाणं एकीकडे आणि ठिपके दुसरीकडे. म्हणून जिथे लय हलली तिथे खूण मारायची आणि तिथून पुढे नवा आकडा द्यायचा. एका गाण्यात अशा शंभर खुणा मारायलाही माझी ना नसते. आळशी लोक उलटं करतात. ते गाण्यालाच ताणून-चेपून एका आकड्यात बसवतात, शर्टाला इस्त्री मारावी तसं. मला अशा लोकांचा मनापासून राग येतो, आणि तो मी त्यांच्या तोंडावर बोलून दाखवते.

लय कुठे हलते ते ऐकायला मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. रूपेश भालचंद्र बुवांच्या भजन मंडळात पखवाज वाजवायचा. बुवा पेटीवर बसून गाणार, झांजवाले आणि कोरस मागे, आणि रूपेश बुवांच्या उजव्या हाताला, डाव्या पुडीला ओली कणीक थापून. अभंग संथ सुरू व्हायचा आणि गजरावर, म्हणजे शेवटच्या जलद नामघोषावर, यायचा तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्या माणसांच्या माना हलायला लागायच्या. लग्नानंतर मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला विचारलं होतं, की एवढी माणसं एकदम लय कशी वाढवतात, खूण कोण करतं.

"बुवा सांगनत नाय गो," तो म्हणाला होता. "त्येंची मान आधी जाता. मगे सूर. मगे आमी सगळे. मी त्येंच्या मानेकडे बघत ऱ्हवतंय."

रूपेशला कंपवात झाला तेव्हा तो अजून पन्नाशीलाही आला नव्हता. आधी हात थरथरला, मग पाय अडू लागले. स्वयंपाकघरात यायला निघायचा आणि दारातच खिळायचा. पुढे जायची इच्छा डोळ्यांत दिसायची, पाऊल मात्र जमिनीला चिकटलेलं. मी मागून कंबर धरून ढकलायची. तो हसायचा, मीही हसायची. दोघंही खोटं हसतोय हे दोघांना ठाऊक होतं.

कोल्हापूरच्या इस्पितळात डॉ. इनामदार होत्या. त्यांनी एक नवं यंत्र सुचवलं आणि ते काय करतं हे मला नीट बसवून समजावलं.

"आपण ठोका ऐकून पाऊल टाकत नाही," त्या म्हणाल्या. "ऐकून टाकलं तर उशीर होईल. मेंदू पुढचा ठोका आधीच धरून बसलेला असतो आणि पाऊल त्या अंदाजावर पडतं. या आजारात अंदाज धरणारा भाग थकतो. बाहेरून कोणी ठोका धरून दिला, की बाकीचं शरीर अजून चालू शकतं. म्हणून हे रुग्ण गाणं लागलं की दोन पावलं टाकतात. आम्ही तोच ठोका कानाऐवजी थेट मेंदूत देतो. बारीक तारेतून, प्रत्येक ठोक्याच्या किंचित आधी."

"आधी? मग ठोका कधी येणार ते यंत्राला कसं कळतं?"

"त्याची आखणी आम्ही भरतो. हे बघा."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि मी त्या गंभीर खोलीत खुदकन हसले. तो चार्ट होता. पहिला ठोका आणि एक आकडा. माझ्या हाताखालची नवी पोरगीसुद्धा जेवता जेवता करील असा.

"हे समोरचं गाणं ऐकून त्याच्यामागे नाही का जाऊ शकत?" मी विचारलं.

"ऐकेल तोवर ठोका होऊन गेलेला असेल. त्याला सगळं आधी माहीत असावं लागतं."

यंत्र बसलं. छातीच्या कातडीखाली डबी, तिथून वर डोक्यात तार आणि चालू-बंद करायला माझ्या मोबाईलवर एक बटण. रूपेशने त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं, कारण शाळेत कवायतीला शिट्टी वाजवणारे मास्तर असेच होते म्हणे. मास्तर चालू केला की तो उठायचा आणि चालू लागायचा. पहिल्या दिवशी तो अंगणातून फाटकापर्यंत गेला, वळला, परत आला, आणि सासूबाई तुळशीपाशी उभ्या राहून पदराने डोळे पुसत राहिल्या. त्या दिवशी मी देवाला नाही, डॉ. इनामदारबाईंना नमस्कार केला.

पण चालणं म्हणजे वाजवणं नव्हे. मास्तरच्या एका आकड्यावर अभंगाची सुरुवात तो छान धरायचा. बुवा पुढे सरकले की त्याला मास्तरचा ठोका सोडून आपला आपण पुढे जावं लागायचं, आणि तिथे हात लटपटायचे. कधी जमायचं, बहुतेक वेळा नाही. बुवा थांबून घ्यायचे. बुवांनी थांबून घेणं हेच त्याला सगळ्यात लागायचं.

"ठोको मास्तर देता," एकदा कणीक खरवडत तो म्हणाला. "वळाण माका घेवचा लागता. थयच मरतंय मी. पखवाज सोडूचो लागात बहुतेक."

तो रागावून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो साध्या आवाजात बोलला, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. रूपेशला पखवाजाशिवाय मी कधी पाहिलेलंच नव्हतं. पखवाज सुटला तर जो माणूस घरात उरेल तो कोण असेल, याची मला भीती वाटली.

"वळणां मी देतंय," मी म्हटलं.

दुसरं काय करणार होते? तेच तर मला येत होतं.

मंडळाचं एक जुनं ध्वनिमुद्रण आमच्याकडे होतं, रूपेश धडधाकट असतानाचं. बुवांचा तो अभंग आणि त्याच्यापुढचा गजर. मी त्याचा चार्ट करायला घेतला. आयुष्यात एवढ्या प्रेमाने मी काही केलं नसेल. लय जिथे जिथे हलते तिथे खूण मारली. शिवाय खेळात खूण बदलाच्या जागी मारून चालतं. इथे मेंदूला बदलाची चाहूल आधी लागायला हवी होती, म्हणून प्रत्येक वळणाआधी थोडी थोडी चढण दिली. बुवांची मान आधी जायची ना, तेवढं आधी. डॉ. इनामदारबाईंना पाठवला तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. असं आजवर कोणी केलेलं नाही, म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात लहान मुलीचा आनंद होता.

रूपेशने तो चार्ट लावून त्याच ध्वनिमुद्रणाबरोबर पखवाज वाजवला. पहिलं वळण आलं आणि हात अलगद पुढे गेले. दुसरं आलं. गजर आला आणि आमच्या माजघरात जुना रूपेश बसला होता, घामाने भिजलेला, दात दाखवत हसणारा. मी रडले. लपवलंही नाही. त्यानंतर तो सकाळ-संध्याकाळ तेच वाजवायचा आणि चालायलाही तोच चार्ट लावायचा. अंगणात संथ सुरू होऊन फाटकाशी गजरात पोचायचा. शेजारची पोरं त्याची नक्कल करायची. त्यालाही ते आवडायचं.

फक्त बुवांबरोबर जमेना. बुवा काही ध्वनिमुद्रण नव्हते. आज इथे थांबतील, उद्या तिथे, समोर कोण बसलंय त्यावर. मास्तर मात्र त्या जुन्या दुपारी बुवा जिथे वळले होते तिथेच वळायचा. दोघं दोन वाटांनी जायचे.

तोडगा बुवांनीच काढला. पासष्टीचा माणूस, पण अडून बसणारा नाही.

"ह्येका माझ्यामागना येवक जमणा नाय ना?" ते मला म्हणाले. "मगे मी ह्येच्यामागना जातंय. मी त्या दिवशी जसो गायललंय तसोच गातंय. माका शिकव."

मग मी बुवांसाठी त्यांच्याच अभंगाचा खेळ बनवला आणि त्यांच्या मोबाईलवर घालून दिला. चष्मा कपाळावर चढवून, ओठ घट्ट मिटून बुवा ओसरीवर बसायचे आणि ठिपक्यांवर बोट मारायचे. पडद्यावर सारखं लाल अक्षर उमटायचं.

"गाणां माझा," ते वैतागून म्हणायचे, "आनी माकाच चुकलो म्हणता ह्यो."

आम्ही पोट धरून हसायचो. पण ते शिकले. हळूहळू लाल अक्षर येईनासं झालं, आणि मग बुवा तसेच गाऊ लागले, श्वासाला श्वास. माझा चार्ट गाण्याच्या मागे जावा म्हणून मी जन्मभर भांडले होते. आता एक जिवंत गाणं चार्टच्या मागे चाललं होतं, आणि मला ते दिसत नव्हतं असं नाही. मी स्वतःला म्हणायची, वाजवतोय ना तो, मग झालं.

गावच्या सप्ताहात मंडळाला दुपारची पाळी मिळाली. रूपेश दोन वर्षांनी देवळात पखवाज घेऊन बसणार म्हटल्यावर सभामंडप भरला. मी खांबाला टेकून बसले, मोबाईल मांडीवर, मास्तरचं बटण बोटाखाली. अभंग सुरू झाला. वळणं येत गेली आणि दोघं एकमेकांत मिसळल्यासारखे पुढे गेले. कोणीतरी मागून "वा रे रूपेश" म्हटलं. तो बुवांच्या मानेकडेच बघत होता, नेहमीच्या सवयीने.

गजराच्या तोंडाशी बुवांना ठसका लागला.

एवढंच झालं. उदबत्तीचा धूर असेल, वय असेल. त्यांनी तोंड बाजूला केलं, खोकले, पाणी मागितलं. असं पूर्वीही व्हायचं. तेव्हा रूपेश एक आवर्तन फिरवून घ्यायचा, बुवा सावरले की त्यांना उचलून पुढे न्यायचा, आणि समोरच्या माणसाला काही झाल्याचं कळायचंही नाही. आता रूपेशचे हात गजरात शिरले. बुवा मागे पाणी पीत होते आणि पखवाज एकटा धावत होता. बुवांनी पुन्हा सूर धरला तेव्हा निम्मा कोरस त्यांच्याबरोबर आणि निम्मा पखवाजाबरोबर. झांजा दोन्हीकडे फाटल्या. पुढे बसलेली माणसं आधी गोंधळली, मग एकदोघं हसली.

मी रूपेशच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो बुवांकडे बघत होता. त्याला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं. त्याला थांबायचं होतं. डोळे थांबले होते आणि हात वाजवत होते.

मी बटण दाबलं. मास्तर बंद झाला आणि त्याचे हात पखवाजाच्या वर हवेत तसेच राहिले. बुवांनी गाणं सोडलं, उठून त्याच्याशेजारी बसले आणि एकेक हात धरून त्याच्या मांडीवर ठेवला.

पुढच्या आठवड्यात आम्ही कोल्हापूरला गेलो. डॉ. इनामदारबाईंनी मास्तर एका आकड्यावर ठेवून त्याला टेबलावर बोटं वाजवायला सांगितली आणि स्वतः टाळ्या वाजवत लय हळूच वाढवली. इस्पितळाचा साधा चार्ट होता तेव्हा ही परीक्षा त्याला अर्धीमुर्धी जमायची. आता बोटं त्या एका आकड्यावरून हलली नाहीत. त्यांनी पुन्हा केलं, मग पुन्हा. रूपेशला बाहेर बसवून त्या माझ्याशी बोलल्या.

"लय धरणं आणि लय बदलते आहे हे ओळखणं, या मेंदूच्या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात," त्या म्हणाल्या. "आमच्या चार्टने पहिली त्याच्याकडून घेतली होती. दुसरी त्याची त्याच्याजवळ होती. थकलेली होती, पण रोज वापरात होती. वळण आलं की तो धडपडायचा ना, ती तीच होती. तुमच्या चार्टने वळणंही आयती दिली. ज्या कामाला दुसरं कोणी मिळतं, ते काम मेंदू सोडून देतो. मलाही हे कळायला हवं होतं."

"परत येईल?"

"या आजारात गेलेलं परत येत नाही."

माझा चार्ट वाईट असता तर ते वाचलं असतं. वळणाआधीची ती चढण मी दिली नसती, खुणा चुकल्या असत्या, एखाद्या आळशी पोराने इस्त्री मारून गाणं दिलं असतं, तरी वाचलं असतं. त्याच्याजवळ उरलेली शेवटची गोष्ट मी इतक्या नीट केली की त्याला ती करायची गरजच राहिली नाही. बाई चांगल्या होत्या, त्यांनी माझा हात धरला. मला तो हात नको होता.

परतीच्या गाडीत मी रूपेशला सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग होता?

"बरां वाजवलंय पण त्या दिसांत," तो म्हणाला. "माजघरात."

"होय."

"ता मीच होतंय ना?"

घरी आल्यावर त्याने पखवाज बुवांकडे पाठवून दिला. बुवांनी तो दुसऱ्या कोणाला दिला नाही, आणि मंडळात नवा पखवाजवाला घेतला तोही स्वतःचा पखवाज घेऊन यायचा. बुवा आमच्याकडे येतात, चहा घेतात, गाण्याचं बोलत नाहीत. अधूनमधून ते रूपेशकडे बघतात आणि लगेच नजर वळवतात.

मास्तरमधला गजराचा चार्ट काढायला रूपेशनेच सांगितलं.

"चलण्यापुरतो एक आकडो घाल."

"खंयचो घालू?"

"तुका सोपो पडात तो."

मी संगणक उघडला. खुणा एकेक करून पुसल्या. एकदम सगळ्या पुसायचं बटण असतं, पण मी एकेक पुसली. प्रत्येक ठिकाणी बुवांची मान कशी गेली होती ते मला आठवत होतं. शेवटी पहिला ठोका आणि एक आकडा उरला. तो आता त्याच्यावर उठतो, जेवायला येतो, फाटकापर्यंत जातो. पाय अडत नाही. डॉ. इनामदारबाई म्हणतात, प्रकृती उत्तम आहे.

परवा आम्ही दोघं बाजारात गेलो होतो. येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी वाकले. कोणाबरोबरही चालताना असं झालं की दुसरा माणूस न सांगता सावकाश होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. रूपेश सावकाश झाला नाही. मी हाक मारली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पाय पुढे चालत राहिले. त्याला थांबवायचं तर मास्तर बंद करावा लागतो, आणि रस्त्याच्या मधोमध बंद केला तर तो तिथेच खिळतो. मागून वाळूचा ट्रक येत होता.

"तू ये," तो म्हणाला, मागे बघत, लांब जात. "मी जातंय, तू ये."

मी दोन्ही चपला हातात घेतल्या आणि अनवाणी पळत त्याला गाठलं. मग त्याच्या बाजूला, त्याच्या आकड्यावर, घरापर्यंत चालत आले.